रिकामा तोबरा

घोड्यालाही दमा होतो. माणसाच्या दम्यावर पंपातून जे सूज उतरवणारं औषध ओढून घेतात, त्याच जातीचं औषध मास्क लावून घोड्याला दिलं तर त्याचा श्वास मोकळा होतो का, हे माझी धाकटी बहीण तपासत होती. ती जनावरांची डॉक्टर आहे. या कामात माझ्याकडे दोन गोष्टी होत्या : गाडी चालवणं आणि घोड्याचे श्वास मोजणं. वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यामुळे माझ्या सकाळी मोकळ्या होत्या. शिवाय मला स्वतःला दमा आहे. "तुला निदान कळेल तरी मी काय बघतेय ते," असं ती म्हणाली.

तिच्या तपासणीतले बहुतेक घोडे वरातीचे होते. पिंपरी-भोसरीकडे पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे, लग्नसराईत फटाक्यांच्या धुरात आणि बँडच्या आवाजात तासन्‌तास उभे राहणारे. काही घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबांचे होते. आणि एक घोडी चाकणच्या पुढची, कंपन्यांच्या भिंती संपल्यावर पहिलं जे गाव लागतं तिथली. हे लिहितोय ते तिच्याबद्दल.

आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी धावते. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. तिच्यावर बैलांच्या दोन जोड्या गाडा ओढत वर येतात आणि त्यांच्या पुढे स्वारासह घोडी. बैल तिच्या मागे धावायला शिकलेले असतात. एका धावेला बारी म्हणतात. आधीच्या वर्षी गावच्या यात्रेत ही घोडी बारीच्या मध्यावर खोकत थांबली. ती थांबली म्हणून बैल थांबले, आणि सगळ्या गावासमोर गाडा चढावर उभा राहिला. घोडीचे मालक सत्तरी ओलांडलेले शेतकरी होते. घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणत. आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या मुलाने, ज्याचा कंटेनर गाड्यांचा धंदा आहे, दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावची घोडी पाहून ठेवली होती. आबांनी तिला गोठ्यात येऊ दिलं नाही. येत्या चैत्रात आपल्या बैलांपुढे आपलीच घोडी धावली पाहिजे, एवढं एकच त्यांना बहिणीकडून हवं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी ते तीनदा सांगितलं.

ती तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी होती. गोठा त्यांच्या उरलेल्या शेतात होता; बाकीची जमीन कारखान्यांत गेली होती. गोठ्यामागे कारखान्याची उंच भिंत आणि तिच्या पलीकडे सतत घुमणारा कॉम्प्रेसर. घोडी उभी होती तेव्हा तिची कूस प्रत्येक श्वासाला दोनदा आत जात होती. आधी सहज, मग जोर लावून. मी घड्याळ लावून मोजायला लागलो तसं आबांनी विचारलं, "पाव्हणं काय मोजत्यात?"

"श्वास," बहीण म्हणाली. "त्यालाही दमा आहे. त्याला बरोबर मोजता येतात."

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजी तुमी आन् आमची घोडी एकाच औषधावर?"

"जवळजवळ," मी म्हणालो.

"मंग तुमी किती पळता?"

गोठ्याच्या दारातून हसू ऐकू आलं : आबांची नात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती क्वालिटीला होती. अंगावर अजून कंपनीचा शर्ट होता, गळ्यात ओळखपत्र. आधीच्या वर्षीच्या बारीत घोडीवर तीच होती. यंदाही तीच बसणार होती.

बहिणीने तपासणीची पद्धत समजावली. अर्ध्या घोड्यांना औषध मिळणार, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. बाटल्या सारख्याच दिसणार. कुणाला काय, हे मालकाला कळणार नाही आणि तिलाही नाही. नाहीतर बरं वाटावं अशी इच्छा असलेल्या माणसाला बरंच दिसतं.

"म्हंजी आमाला पानी बी मिळंल?"

"मिळू शकेल."

"आन् तुमाला ठावं न्हाई?"

"नाही."

"मंग कुणाला ठावं?"

"आमच्या सरांच्या कपाटात बंद पाकीट आहे."

आबांनी घोडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "कपाटापरीस कमी शिकलोय आमी. घ्या तिचं नाव." बहिणीने हेही सांगितलं की पाणी निघालं तर तपासणी संपल्यावर घोडीला खरं औषध नक्की देईन. पण ती संपायची होती यात्रेनंतर. आबांना ते कळलं होतं. तरी ते हो म्हणाले. दुसरा कुठला डॉक्टर त्यांच्या घोडीसाठी एवढ्या लांब आला नव्हता, असं त्यांनी नंतर मला सांगितलं.

पुढच्या खेपेला आम्ही मशीन घेऊन गेलो. बॅटरीवर चालणारं, बाटलीतल्या द्रवाचं धुकं करणारं. त्याला जोडलेला मास्क घोडीच्या पूर्ण थोबाडावर बसायचा आणि पट्टा कानांमागून जायचा. आबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्यो तर तोबराच की," ते म्हणाले. तोबरा म्हणजे दाणा भरून घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी. घोडीचंही तेच मत पडलं. बहीण घाबरली होती की नवी वस्तू पाहून ती बिथरेल. पण तिने स्वतःहून नाक आत खुपसलं आणि दाणा शोधू लागली. मशीन घूं करत सुरू झालं. घोडीने कान मागेपुढे केले, आत काही खायला नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि ती मान खाली घालून निमूट उभी राहिली.

"रुसली," नात म्हणाली.

रोज सकाळी घरच्यांनीच लावायचं मशीन घरात आलं म्हणून त्याला हळदकुंकू वाहिलं गेलं, नारळ फुटला, खंडोबाचा भंडारा लावला गेला. त्या गावात ट्रॅक्टर आला तरी, मिक्सर आला तरी हेच होतं. बहिणीने मशीनचं तोंड हाताने झाकून धरलं आणि बाकी सगळं होऊ दिलं.

बाकीच्या सूचनांवरून वाद झाला. कडबा भिजवून द्यायचा, गोठ्यात संध्याकाळी डासांसाठी शेण्यांची धुरी करायची नाही, झाडलोट घोडी बाहेर असतानाच करायची. या सूचना सगळ्या घोड्यांना होत्या. आबांचं म्हणणं, ओला कडबा म्हणजे जनावराचा अपमान. "तुमाला भिजवल्याली भाकर दिली तर खाल का?" बहीण म्हणाली, "दुधात भिजवलेली खाते की." आबा हसले आणि वाद तिथे मिटला. दुसऱ्या आठवड्यात कडबा भिजवायची टाकी आलेली होती.

घोडी सुधारली. पहिल्या महिन्यात माझे आकडे खाली येत गेले, कुशीची ती दुसरी ओढ कमी झाली. आबांचा मुलगा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "राव, खरं सांगा, जमंल का हिला? मला त्या गावाला काहीतरी कळवावं लागंल." मी म्हणालो, मला माहीत नाही. बहिणीलाही माहीत नव्हतं. परतीच्या वाटेवर चाकणच्या चौकात आम्ही कांद्याच्या ट्रकांमागे अडकलो होतो तेव्हा ती म्हणाली, "माझा अंदाज आहे हिला औषधच मिळतंय." मग लगेच, "मी हे बोललेच नाही असं समज."

त्यानंतर सुधारणा थांबली. काही दिवस घोडी चांगली असे, काही दिवस मास्क काढल्या काढल्या खोकायची. घसा खरवडल्यासारखा, कोरडा खोकला. ठरल्याप्रमाणे मध्यावर तिच्या फुप्फुसातला नमुना घेतला : गुंगीचं औषध देऊन नाकातून नळी घालायची, थोडं पाणी आत सोडायचं आणि परत ओढून घ्यायचं. आबा तेवढा वेळ घोडीचा कान धरून उभे होते आणि तिच्याशी बोलत होते. नळी बाहेर आली तेव्हा आबांचाच सदरा घामाने भिजला होता.

नमुन्यात बहिणीला पिवळट कण दिसले. खूप. परागकण म्हणावेत तर आकार जुळेना. तिने मला फोनवर त्याचा फोटो दाखवला. मला त्यात काही कळलं नाही. इतर एकाही घोड्यात ते नव्हते. कारखान्याच्या भिंतीपलीकडून काही उडत येतंय का, असा तिचा पहिला संशय होता, आणि माझ्या डोक्यात लगेच बातमी तयार झाली. बहीण म्हणाली, "आधी गोठा बघू."

आम्ही गेलो तेव्हा नात घरी होती. बहिणीने तिला खोकल्याबद्दल विचारलं. ती जरा विचार करून म्हणाली, "मॅडम, एक सांगू? माझी फर्स्ट शिफ्ट असते ना, त्या आठवड्यात ही जास्त खोकते. सेकंडला नाही."

"फर्स्टला मास्क कोण लावतं?"

"आबा. मी बस पकडायला गेलेली असते."

बहीण आबांकडे वळली. तिच्या आवाजात कसलाही आरोप नव्हता. "आबा, तुम्ही कसं लावता ते मला एकदा दाखवता का? रोज करता तसंच. काही बदलू नका."

आबांना याचा आनंदच झाला. त्यांनी हात धुतले. बाटली उघडून द्रव मशीनमध्ये ओतला, एक थेंब न सांडता. पट्टा तपासला. मास्क उलटा धरून फडक्याने आतून पुसला. मग कोनाड्यातल्या पितळी डबीतून चिमूटभर भंडारा घेतला, मास्कच्या तळाशी सोडला, खंडोबाचं नाव घेतलं आणि मास्क घोडीच्या तोंडापाशी नेला. घोडीने नाक आत घालायच्या आधी बहिणीने हात मध्ये घातला.

"आबा, हे काय?"

"भंडारा."

"तो दिसला मला. आत कशाला?"

आता आबाच चकित झाले. "मंग काय रिकामा तोबरा बांधू जनावराला? ती नाक खुपसून हुडकती न्हवं आत. कायतरी पायजे ना तिच्या नावाचं. दाना घालू नका म्हनला तुमी, दाना न्हाई घातला. द्येवाचा भंडारा हाय ह्यो. त्यानं कुनाचं वाईट झालंय?"

नातीने कपाळावर हात मारला. "आबा, तुम्ही हळद ओढायला लावली तिला! रोज!"

"तू गप. तू रिकामाच बांधत व्हतीस का एवढं दिवस?"

"व्हय!"

"म्हनूनच तुज्यासंगं रुसती ती."

बहीण हसली नाही, रागावलीही नाही. तिने मास्क हातात घेतला, तळाला बोट फिरवलं, पिवळं झालेलं बोट पाहिलं आणि गोठ्याबाहेरच्या बाजेवर जाऊन बसली. आबा तिच्यामागे गेले. ते तिच्या समोर बसले नाहीत, उभेच राहिले.

"आता काय व्हईल?" त्यांनी विचारलं.

"आता ही माझ्या तपासणीत राहू शकत नाही, आबा. हिचा श्वास कशाने बिघडला आणि कशाने सुधारला, हे मला आता सांगता येणार नाही."

"मी कुनाला सांगनार न्हाई."

"मी सांगणार आहे."

"आन् औषध?"

"सरांना विचारून सांगते," ती म्हणाली. परत येताना आम्ही तळेगाव चौकात अडकलो. मुळात घोडे थोडे होते. त्यातला प्रत्येक तिने स्वतः फिरून मिळवलेला होता. कंपन्यांच्या बसेस एकामागे एक आमच्या शेजारून सरकत होत्या. मग ती म्हणाली, "पद्धत सांगताना सगळं सांगितलं मी. दाणा घालू नका म्हटलं, दुसरं काही घालू नका एवढंच सांगितलं नाही. कुणी घालेल असं वाटलंच नाही." आणि थोड्या वेळाने, "रिकामा तोबरा बांधायचा नसतो, हे त्यांचं बरोबरच आहे की रे."

तिने सरांना त्याच दिवशी कळवलं. घोडी वगळली गेली. आणि वगळलेल्या घोडीला पुढे काय उपचार द्यायचे हे ठरवायला तिला आतापर्यंत काय मिळत होतं ते कळणं भाग होतं, म्हणून तिच्यापुरतं पाकीट उघडलं गेलं.

ही बातमी सांगायला आम्ही मुद्दाम गेलो. फोनवर सांगावं असं बहिणीला वाटलं नाही. आबा टाकीत कडबा दाबत होते. कोपरापर्यंत हात पाण्यात.

"आबा, तिला मिठाचं पाणी मिळत होतं."

आबांचे हात थांबले. "सुरवातीपासनं?"

"सुरुवातीपासून."

"मंग बरं कशानं वाटलं तिला?"

"या टाकीनं. आणि धुरी बंद केली त्यानं."

आबा सरळ झाले. हातातून पाणी गळत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू आलं आणि मग आवरेना. "म्हंजी तोबरा रिकामाच व्हता की वो डॉक्टरबाई! म्या घातलं तेवढंच काय ते व्हतं त्यात!" ते इतके हसले की त्यांनाच ठसका लागला, आणि मला त्यांना माझ्या बाटलीतलं पाणी द्यावं लागलं. बहीणही शेवटी हसली. त्या दिवशी तिने तपासणीबाहेरचं, नाव लिहिलेलं, खरं औषध त्यांच्या हातात दिलं. आबांनी डबी कोनाड्यातून काढून घरातल्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. मास्कमध्ये काय घालायचं हा प्रश्न उरला. नातीने तोडगा काढला : मास्क काढला की लगेच गुळाचा खडा. आधी नाही, नंतर.

औषध लागू पडलं की नाही हे एका घोडीवरून सांगता येत नाही. बहीण हे वाक्य मला आजही बदलू देणार नाही. तपासणीचे निकाल अजून यायचे आहेत. मी फक्त एवढं नोंदवतो की पुढच्या आठवड्यांमध्ये मास्क काढल्यावरचा खोकला गेला आणि कुशीची दुसरी ओढ मला दिसेनाशी झाली. नातीने आधी चालवत, मग दुडक्या चालीने, मग चढावर तिला तयार केलं. शर्यतीआधी जनावरं तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांना बहिणीने औषधाबद्दल स्वतः जाऊन सांगितलं.

राहिली यात्रा. बारी सुटताना दोन्ही बाजूंचे लोक मुठीमुठीने भंडारा उधळतात. घाटाच्या तळाशी पिवळा ढग उभा राहतो आणि बैल व घोडी त्यातून बाहेर पडतात. बहिणीने आबांना स्पष्ट सांगितलं की त्या ढगातून तिला पळवायची असेल तर पळवू नये. आबांच्या मुलाने पुन्हा शेजारच्या गावच्या घोडीचं नाव काढलं. आबा म्हणाले, थांब जरा.

ते यात्रा कमिटीकडे गेले. आपल्या बारीला घोडी पुढे निघेपर्यंत कुणी भंडारा उधळू नये, गाडा गेल्यावर मागे हवा तेवढा उधळावा, अशी त्यांची विनंती होती. मी सोबत होतो. देवळाच्या ओट्यावर पाच-सहा जण बसले होते. त्यातला एक, आबांच्याच वयाचा, म्हणाला, "आबा, द्येवापरीस घोडी मोठी झाली व्हय तुजी?"

"द्येवाला दमा न्हाई," आबा म्हणाले.

ओट्यावर हशा झाला. हसून झाल्यावर माईकवाल्याला बोलावून सांगण्यात आलं.

बारीच्या वेळी मी आणि बहीण घाटाच्या माथ्यावर होतो, घोडी जिथे येऊन थांबणार त्या रानात. खालचं आम्हाला नीट दिसत नव्हतं. लाऊडस्पीकर ऐकू येत होता. माईकवाला आबांचं नाव घेऊन सांगत होता : मंडळी, हात आवरा, घोडीला पुढं जाऊ द्या, मंग उधळा, घोडी आजारातनं उठलीय. त्याने ते चार-पाच वेळा सांगितलं. तरी खाली उजवीकडून एक मूठ उडालेली मी पाहिली, आणि त्या दिशेला दहा जण ओरडलेले ऐकले. मग निशाण पडलं.

घोडी आधी दिसली. नात तिच्या मानेवर वाकलेली, आणि मागे बैलांची डोकी. मध्यावर, जिथे ती आधीच्या वर्षी थांबली होती, तिथे बहिणीने माझा दंड धरला. घोडी तिथे थांबली नाही. ती आमच्या समोरून गेली, मागून बैल, गाडा, धूळ, आरडाओरडा. आणि ढग उठला तो त्या सगळ्यांच्या मागे.

नातीने तिला रानात गोल फिरवून आणली आणि खाली उतरली. घोडीच्या अंगाला फेस होता, नाकपुड्या फुलल्या होत्या. मी घड्याळ लावलं. बहिणीने स्टेथोस्कोप कानात घातला.

तेवढ्यात आबा चढ चढून आले. फेटा हातात, तोंड लाल, धाप एवढी की बोलता येत नव्हतं. घोडीपेक्षा त्यांचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. खाली लाऊडस्पीकरवर त्यांच्या बारीचे सेकंद पुकारले जात होते; मुलगा दुरून हात हलवत काहीतरी ओरडत होता. आबांनी तिकडे पाहिलं नाही.

"आबा, आधी तुम्ही बसा," बहीण म्हणाली.

"तिला... बगा... आदी."

बहिणीने डावीकडून ऐकलं, मग उजवीकडे जाऊन ऐकलं. खूप वेळ लावला. आबा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, नात आबांकडे.

"श्वासात शिट्टी नाही," बहीण म्हणाली.

"दोनी बाजूला?"

"दोन्ही बाजूला."

आबांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "परत एकदा बगता का?" ते म्हणाले. बहिणीने स्टेथोस्कोप पुन्हा कानात घातला.